राईतून गडावर, अक्षत घेऊन

डोळे मिटलेत, पण कान अजून जागे आहेत. बाहेर मांडवाच्या मेढी ठोकतायत, स्वयंपाकघरात कुणीतरी हसतंय, दारातून ओल्या हळदीचा वास येतोय. मी माजघरात, भाड्यानं आणलेल्या सतरंज्यांच्या ढिगावर आडवी झालेय. अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, मघाशी दंडाला धरूनच मला इथं आणलं. "पहाटेपासून उभी आहेस. जरा पड. चार वाजता अक्षत निघंल, तेव्हा उठवते," म्हणाल्या नि दार ओढून गेल्या.

परवा माझ्या तेजलचं लग्न.

आमच्या आडवाडीत लग्नाचं पहिलं आमंत्रण माणसाला जात नाही. ते सोमजाईला जातं. सोमजाईला देऊळ नाही. गावाखालच्या राईत, दाट झाडीच्या पोटात, ती उघड्यावर बसलेली आहे. तिला छप्पर सोसत नाही म्हणतात. कुंकू लावलेल्या तांदळाची अक्षत आधी तिला, मग घिवशीच्या वीरगळांना, मग वर निशाणगडाच्या दरवाजातल्या मारुतीला, आणि मग राईभोवतालच्या चारी गावांना. ही अक्षत नवरीच्या आईबापांनी जोडीनं न्यायची असते.

तेजलच्या वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली. छातीत कळ आली, आणि तालुक्याला पोचायच्या आत सगळं संपलं. त्यामुळं या वेळी अक्षत माझे थोरले दीर आप्पा आणि अक्का नेणार. कुणी काही बोलायच्या आत मीच म्हटलं होतं, "तुम्हीच जा जोडीनं." आप्पा "बरं" म्हणाले. विषय तिथंच मिटला.

ठाक्, ठाक्. मेढ ठोकल्याचा आवाज हळूहळू बदलतोय. आता तो लाकडाचा वाटत नाही. पत्र्यावर पत्रा आपटतोय. दुधाचे कॅन टेम्पोत चढवताना व्हायचा, तसा. या आवाजानं मी कित्येक वर्षं रोज पहाटे उठले आहे.

"अगं ए गोदे! पोरीचं लगीन हाय आन् आई घोरतीया!"

दारात हे उभे आहेत. पांढरा सदरा, नुकतीच आंघोळ केल्यासारखे ओले केस, मानेला नेहमीसारखी पावडर जास्तच लागलेली. मी दचकत नाही. एवढंच मनात येतं, की यांना आज उशीर झाला.

"मी घोरत नाही," मी म्हणते.

"मग आप्पाची म्हस घोरत आसंल. ऊठ, ऊठ. अक्षत न्ह्यायचीय."

उठते तर माझ्या हातात ताम्हण आहे. तांदूळ लालभडक. कुणी दिलं, कधी दिलं, आठवत नाही.

"अहो, आप्पा आणि अक्का नेणार आहेत. चार वाजता."

"न्हेऊ दे त्यांना चारला. आपुन आत्ताच जाऊ."

"मला चालत नाही आता."

ते माझ्या पायांकडं बघतात. "का? गुडघा धरला का काय?"

"तसं नाही हो. मला... चालत नाही."

"मग टेम्पो हाय की!"

असा हा माणूस. कळलं तर सगळं कळलं, नाही तर काहीच नाही. की मुद्दामच कळून घेतलं नाही? विचारायला मी तोंड उघडते, तोवर ते मागच्या दारानं बाहेर पडलेले. मी मागोमाग उंबरा ओलांडते आणि माझा पाय परसातल्या शेणसारवणावर न पडता वाळक्या पानांवर पडतो.

राई.

भरदुपारी इथं संध्याकाळ असते. हिरड्याची, बेहड्याची झाडं एवढी उंच की मान दुखावी. गारंबीचे वेल मनगटाएवढे नाही, मांडीएवढे, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. लहानपणी आम्ही पोरी इथं आलो की आपोआप हळू बोलायचो. पण आज राई गप्प नाही. आज तिला घाई झालेली दिसते. वरात आली की माणसं कशी बाजूला सरतात, पदर सावरतात, तशी झाडं बाजूला होतायत. आणि आम्ही टेम्पोत बसलोय. या राईत कधी बैलगाडीचीही वाट नव्हती, आणि आमचा दुधाचा टेम्पो खोडांमधून असा चाललाय, जणू डांबरी सडकच आहे.

हे एका हातानं चालवतायत. दुसरा कोपर खिडकीबाहेर.

"हळू! अक्षत सांडेल."

"सांडली तर सांडली. राईत पडली तरी देवीलाच पोचती. काय गं, मांडव किती खणांचा घातला? आचारी कोण? त्या पानशेंडीच्या आचाऱ्याला न्हाय ना सांगितलं? त्यो भाजीत मीठ ईसरतो. आन् तेजीनं साडी कुठली घेतली? हिरवी? हिरवीच घ्याया पायजे, तिला हिरवा रंग—"

"एका दमात किती विचारता?"

"तीन वरसांचं साठलंय, गोदे."

मी हसते. गाडीला हिसका बसतो, मी ताम्हण पोटाशी धरते.

सोमजाई समोर आहे. शेंदूर माखलेला गुडघाभर दगड. एरवी मी हात जोडून मागच्या मागं फिरते. आज मात्र ताम्हण घेऊन तिच्यापुढं बसलेय, आणि माझं काळीज असं धडधडतंय, जणू मीच नवरी आहे. हे चपला काढून माझ्या मागं उभे आहेत. त्यांचा श्वास मला ऐकू येतो.

"हां. सांग आता."

"काय सांगू?"

"कुणाची लेक, कुठं दिली. रीत ईसरलीस?"

मी सांगते. आवाज एवढासा निघतो.

"मोठ्यानं. आईचं वय झालंय."

"सोमजाईआई," मी म्हणते, आणि या वेळी माझा आवाज खोडाखोडांवर आपटून परत माझ्याकडं येतो, "सोपान कडूंची लेक तेजल, तांबटवाडीच्या घरात दिली. परवा अक्षता आहेत. सगळ्यांच्या आधी तू यायचंस."

दगडावर तांदूळ ठेवते. वरच्या शेंड्यातून शेकरू ओरडतं, खटखटखट, जणू म्हणतंय, येते येते येते. हे टाळी वाजवतात. देवीपुढं टाळी! मी वळून डोळे वटारते, तर मागं राईच नाही.

माझी घिवशीची अंगणवाडी आहे. तिच्या मागच्या ओट्यावर वीरगळ रांगेनं उभे असतात. लढाईत पडलेल्या माणसांचे ते दगड. खाली तलवारी, मधे अप्सरा, वर महादेव. अंगणवाडीतली माझी पोरं त्यांना पाठ लावून खिचडी खातात. आज ते उभे नाहीत. बसलेत. पंगतीला बसावं तसे मांडी घालून, ढाली बाजूला ठेवून, ताटाची वाट बघत. पावसानं नाकं-डोळे झिजून गेलेत, तरी प्रत्येकाचं तोंड आमच्याकडं वळलेलं कळतं.

मी वाकून एकेकाच्या तळहातावर अक्षत ठेवत जाते. तळहात गार, खरखरीत. ठेवली की मूठ आपोआप मिटते. शेवटचा वीर मात्र मूठ मिटत नाही. म्हणतो,

"मुलगा काय करतो?"

"एस.टी.त मेकॅनिक आहे."

"आन् शेती किती?"

यांना हसू आवरत नाही. ओट्यावर हात आपटून हसतात. "बघ गं! लढाईत मेली, दगुड झाली, तरी शेती किती, ते इचारत्यात!"

तो दगडही हसतो. हसताना त्याच्या अंगावरचं शेवाळ थोडं गळून पडतं. मी मुद्दाम तीन एकर जास्तच सांगते. मूठ मिटते.

"खोटं बोललीस," हे माझ्या कानात म्हणतात, खूश होऊन.

"तुमच्याकडूनच शिकले."

आम्ही जवळजवळ पळतोय. अंगणवाडीचं फाटक ढकलते आणि पुढं रस्ता नाही, पायऱ्या आहेत, खाली जाणाऱ्या. ही तळकोंडची बारव. जुनी, काळ्या दगडाची, तळाशी हिरवं पाणी. पायरीपायरीवर बायका बसल्यात, चारी गावांच्या. काही आहेत, काही कधीच्या गेलेल्या. सगळ्या नटलेल्या. खालच्या पायरीवरच्यांचे पाय पाण्यात. मधेच अक्काही दिसतात, तरुण, माझ्या लग्नात होत्या तशा.

"आली गं आली! गोदा आली! नाव घे!"

माझे पाय तिथंच थांबतात.

तीन वर्षं मला कुणी नाव घ्यायला सांगितलेलं नाही. हळदीकुंकवाला बोलावतात, नाही असं नाही. पण मी आपली मागं चहाच्या पातेल्यापाशी असते. नाव घ्यायची वेळ आली की बायका माझ्या अलीकडच्या बाईपर्यंत येतात आणि पलीकडच्या बाईपासून पुन्हा सुरू करतात. वाईट हेतूनं नाही. मला अवघड वाटू नये म्हणून. आणि मीही साखर बघायला उठून जाते.

मी वर बघते. हे बारवेच्या काठावर उभे, पाठमोरे, पारवे मोजायचं नाटक करतायत. पण कान इकडं आहेत, हे मला त्यांच्या मानेवरून कळतं.

"नाव घे, नाव घे!" पाण्यातल्या पायांचा ठेका धरलाय सगळ्यांनी.

काय घेऊ? लग्नात घेतलेलं एकही आठवत नाही. आणि मग कुठून कोण जाणे, तोंडातून आपोआप येतं,

"निशाणगडाच्या तटावर वारा करतो गडबड,
सोपानरावांची एकच खोड, दिवसरात्र बडबड!"

बारव हशानं भरते. पाणी हलतं, पारवे फडफडत उठतात. अक्का पोट धरून पायरीवर आडव्या होतात.

"बडबड?" वरून यांचा आवाज. "म्या? म्या बडबड करतो? आगं चार शब्द बोलतो मानूस, त्याला बडबड म्हणत्यात व्हय? ऐका गं बायांनो, हिला इचारा, ल‌ग्नात सात दिवस ही आपली तोंडातनं शब्द काढंना, मग घरात कुणी तरी बोलाया नगं का—"

बायका आणखीच हसतात. मी तोंडावर पदर धरून पायऱ्या चढायला लागते. कान तापलेत. चढते, चढते, आणि बारवेच्या पायऱ्या संपतच नाहीत. त्या रुंद झाल्यात, कडेला कातळ आलाय, वारा सुटलाय. गडाच्या पायऱ्या आहेत या.

हे पुढं पळतायत.

"अहो, जपून! छातीला जपा!"

ते वळतात. दोन्ही हात पसरतात. "आता कसली छाती न् कसलं जपणं! ये वर!"

मीही पळते. या वयात, साडी खोचून, ताम्हण सांभाळत. धाप लागते पण थकवा येत नाही. दरवाजाची कमान अर्धी पडलेली, तिच्यातून आभाळाचा निळा तुकडा दिसतो. मारुतीच्या पायाशी अक्षत ठेवते नि पुढं होते. पिवळं वाळलेलं गवत कमरेएवढं, त्यातून वाट काढत आम्ही निशाणाच्या बुरुजावर येतो.

आणि सगळा मुलूख पायाखाली.

मधोमध राई, काळीभोर, गोल, जणू एखादी बाई पाय पसरून नीट बसलीय. आणि तिच्या भोवती आडवाडी, घिवशी, तळकोंड, पानशेंडी, तिच्या मांडीला टेकलेली. घरांची कौलं, पत्रे चमकतायत. आमच्या दारातला मांडव इथून पोळपाटाएवढा दिसतो. मी या सगळ्यात जन्मले, यातच दिली गेले, पण एवढं सगळं एका नजरेत कधी बघितलंच नव्हतं.

"घरोघर फिराया येळ न्हाय," हे म्हणतात. "हितनंच हाक मारू. सगळ्यांना एकदम."

"मारा की मग. तुमचा आवाज दांडगा."

ते माझ्याकडं बघतात. आज पहिल्यांदाच हळू बोलतात.

"माझा त्यांना ऐकू जात न्हाय गं आता."

वारा आहे. गवत एका अंगाला झुकतं, परत उभं राहतं.

"मी कशी मारू?" मी म्हणते. "लोक म्हणतील, ही कोण बोलावणारी."

"पोरीची आई."

एवढंच. मग तेच माझ्या हातातलं ताम्हण घेतात, माझे हात मोकळे करतात आणि माझ्या तोंडाभोवती धरायला लावतात. मी छातीभर वारा घेते.

"यायचं हं!" मी ओरडते. "माझ्या तेजलच्या लग्नाला यायचं! घर सोडून सगळ्यांनी यायचं! आग्रहाचं आमंत्रण आहे!"

आवाज कड्यावरून खाली जातो, राईवरून जातो, पलीकडच्या डोंगराला लागून परत येतो. यायचं हं... यायचं हं... घिवशीतून कुणीतरी हलगीवर थाप मारतं. तळकोंडातून उत्तर येतं. मग पानशेंडी. मग आमची आडवाडी. चारी गावांत हलग्या वाजायला लागतात आणि घराघरांतून माणसं अंगणात येऊन वर बघतायत, हात हलवतायत. मी नाचतेय की काय? हो, नाचतेय. बुरुजावर, भर वाऱ्यात. आणि हे, ताम्हण उंच धरून, माझ्याभोवती उड्या मारतायत.

"झालं!" मी धापा टाकत म्हणते. "सगळ्यांना झालं."

ते उड्या मारायचे थांबतात.

यांच्यासारखा माणूस गप्प झाला की भीतीच वाटते. "काय हो? कोण राहिलं?"

"हाय एक जण."

"कोण?"

"पोरीचा बाप."

मी बघतच राहते. खरंच की. देवीला झाली, दगडांना झाली, मारुतीला झाली, चार गावांना झाली.

"तुम्हाला काय अक्षत द्यायची? तुमच्याच घरचं कार्य."

"तसं न्हाय. बिनआमंत्रणाचं कसं यायचं? आप्पा दील चारला, फोटूफुडं ठिवील. ठिवू दे. त्यो भला हाय. पर..." ते ताम्हण माझ्यापुढं धरतात. तळाला चिमूटभर तांदूळ उरलेत. "मला तुझ्या हातची पायजे, गोदे."

मी ते तांदूळ चिमटीत घेते. ते तळहात पुढं करतात. स्टिअरिंगनं पडलेला घट्टा अजून तिथंच आहे. मी अक्षत ठेवते. हात ऊन लागतो, जिवंत माणसाच्या हातासारखा.

"परवा आमच्या तेजलचं लग्न आहे," मी रीतीप्रमाणं म्हणते, "सहकुटुंब यायचं."

"कुटुंब तर हितंच ऱ्हायलंय. एकटाच यीन."

"कुठं बसाल? मी तुम्हाला कुठं बघू?"

"मला बगू नगस. पोरीकडं बघ."

ते मूठ मिटतात. मग एकदम आभाळाकडं बघतात, सूर्य कुठं आलाय ते, आणि जुन्या घाईनं म्हणतात, "आरं तिच्या! चार वाजलं की!"

"गोदा. ए गोदा. ऊठ बाई, वाजंत्री आले."

अक्का. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आहे. दारातून उन्हाची तिरीप आत आलीय आणि अंगणात सनईवाला सूर लावून बघतोय. मी सतरंज्यांवरून उठून बसते. छाती अजून धडधडतेय. तोंडावर हसू आहे, ते मला पुसता येत नाही.

अंगणात आप्पा फेटा बांधून तयार. अक्कांच्या हातात ताम्हण. तेजल ओटीवर, मेंदीचे हात हवेत धरून बसलेली.

"अक्का, ते माझ्याकडं द्या," मी म्हणते.

"धर जरा, मी पदर घेते डोक्यावरून."

"धरायला नाही. मी नेते. अक्षत मी देणार."

सनईवाला थांबतो. अक्का माझ्याकडं बघतात, मग आप्पांकडं. तेजल ओटीवरून उभी राहिलीय.

आप्पा घसा खाकरतात. माणूस वाईट नाहीत. "गोदा, माझं काय न्हाय. पर रीत हाय. चार गावची लोकं काय म्हणतील?"

"लोकांना मीच बोलावून आलेय, आप्पा."

हे मी काय बोलले, ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. पण माझ्या आवाजात काहीतरी असावं. आप्पांनी फेट्याचा शेमला उगाच मागं टाकला, पुन्हा पुढं घेतला. मग सनईवाल्याकडं वळून म्हणाले, "थांबलास का रं? वाजव की! गोदा म्होरं ऱ्हाईल. आम्ही दोघं मागनं येतो."

तेजल ओटीवरून खाली आली. मेंदी लागू नये म्हणून कोपरांनीच तिनं मला मिठी मारली.

अक्कांनी ताम्हण माझ्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून कामाचं निमित्त काढून खाली वाकल्या आणि माझ्या निऱ्या नीट करायला लागल्या. साडी नवीकोरी होती. सकाळी पेटीतून काढून मी तिची घडी मोडली होती आणि तेव्हापासून अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"आई गं!" अक्कांनी बोट तोंडात घातलं. "अगं, ही काय दशा? कुठं गेली होतीस?"

मी खाली बघितलं. साडीच्या काठाला, घोट्यापासून वीतभर, सगळीकडून कुसळं लागली होती. लांब, पिवळी, वाळलेली. असलं कमरेएवढं गवत आमच्या गावात कुठंच नाही. ते फक्त गडावर, निशाणाच्या बुरुजावर असतं.

अक्का एकेक उपटायला लागल्या.

"राहू द्या, अक्का," मी म्हटलं. "काढू नका."

हलगी वाजायला लागली. मी पुढं झाले. राईपर्यंतच्या सगळ्या वाटेवर, दर पावलाला, ती कुसळं माझ्या घोट्यांना टोचत होती.